बोक्याचं वजन उतरवताय? या चुका टाळा

आमचा लोण्या सहा किलो चारशे ग्रॅमचा झाला, तरी घरात कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. ऐरोलीच्या वन बीएचकेत दिवसभर खिडकीच्या ग्रिलमध्ये पसरून कबुतरं बघणारा बोका. पाहुणे कौतुकानं म्हणायचे, "काय गुटगुटीत आहे!" मग शेपटीजवळच्या केसांच्या गाठी व्हायला लागल्या. चाटायला मान तिथवर पोचतच नव्हती. गाठी कापायला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा कळलं की त्याच्या बांध्याला साडेचार किलो पुरे.

उतरवायला दहा महिने लागले. तेवढ्यात बहुतेक चुका करून झाल्या. एक सोडून, कारण ती डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावली होती.

उपाशी ठेवणं

"दोन दिवस काही देऊ नका, भूक लागली की येईल वळणावर." हा सल्ला लिफ्टमध्येसुद्धा मिळतो. आपण एकादशी करतो, म्हणून मांजरालाही झेपेल असं वाटतं. मांजराचं शरीर तसं नाही. खाणं तुटलं की अंगावरची चरबी यकृतात येऊन साठते आणि यकृताला तिचा निपटारा करता येत नाही. या आजाराला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. जितकं मांजर लठ्ठ, तितका धोका जास्त. दोन-तीन दिवसांचा उपासही पुरतो. मांजर मलूल होतं, ओकतं, मग हिरड्या आणि कानाची आतली कातडी पिवळी दिसायला लागते. तिथून परत आणायचं तर कित्येकदा नळी घालून आठवडेच्या आठवडे भरवावं लागतं. आमच्याकडे नियम एकच: चोवीस तास अन्नाला तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांना फोन.

खाणं एका दिवसात बदलणं ही याच चुकीची धाकटी बहीण. नवं 'वेट कंट्रोल' खाणं आणायचं, जुनं कपाटात ठेवायचं आणि बोक्यानं ते हुंगून पाठ फिरवायची, म्हणजे झालाच उपास. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत सात ते दहा दिवस घ्या.

अंदाजानं वाढणं

आमची खरी गोम इथे होती. सकाळी सहाला मी वाडगा भरायचे. आठला लोण्या सासूबाईंच्या पायात घोटाळायचा, की त्या म्हणायच्या, "अगं, याला कुणी काही दिलंच नाही वाटतं!" रात्री नवरा यायचा, पुन्हा तेच नाटक. एक नाश्ता तो तिघांकडून वसूल करत होता.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढून एक दिवस सगळं मोजलं, तर नुसतं कोरडं खाणंच ८० ग्रॅमच्या पुढे. हवं किती, याचा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर जमतो. जे वजन गाठायचंय त्याचा घन करा, त्याचं दोनदा वर्गमूळ काढा, आलेल्याला ७० नं गुणा. साडेचार किलोला २१६ कॅलरी येतात. वजन उतरवायचं तर सुरुवात त्याच्या ८० टक्क्यांनी करतात, म्हणजे १७३. आमच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३७५ कॅलरी लिहिल्यात. झाले ४६ ग्रॅम. आकडा बघून सासूबाई म्हणाल्या, "एवढंसं? हे तर चिमणीचं!"

आता त्यांच्याच हातात कारभार आहे. सकाळी त्या ४६ ग्रॅम मोजून एका डबीत भरतात. दिवसभरात कुणीही द्यावं, पण डबीतूनच. डबी रिकामी, दुकान बंद. हे मात्र डॉक्टरांना दाखवूनच ठरवा. नेहमीचंच खाणं फार कापलं तर कॅलरीबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कापली जातात, म्हणून कधी कधी वेगळं खाणं लागतं. मधुमेही मांजराचं इन्सुलिन चालू असेल, तर परस्पर एक दाणाही कमी करू नका.

पहाटे चारला उठवणाऱ्या बोक्यासाठी: दिवसाचे चार भाग करा आणि शेवटचा झोपताना द्या. आम्ही अंड्याच्या ट्रेच्या खळग्यांत दाणे टाकतो. पंज्यानं उकरून काढण्यात त्याची वीस मिनिटं जातात.

'एवढ्यानं काय होतं?'

दिवा कोळीवाड्यातल्या मासळीवाल्या मावशी लोण्यासाठी चिमूटभर सुकट बाजूला ठेवायच्या. खारवलेली मासळी मांजराला नको, हे त्यांना सांगणं मला सगळ्यात अवघड गेलं. आता साफ केलेल्या मांदेलीचा उकडलेला, बिनकाट्याचा तुकडा मिळतो, तोही रोजच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांत बसवून. आणि दूध! फुल क्रीमचे ५० मिलीलिटर म्हणजे चाळीसच्या वर कॅलरी, त्याच्या दिवसाचा चौथा हिस्सा. शिवाय मोठ्या मांजरांना ते बहुधा पचतही नाही.

दूध-पोळी, दही-भात यांवर 'हलका आहार' म्हणून ठेवणं तर नकोच. मांजर पक्कं मांसाहारी. मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य कमी पडलं की हृदय आणि डोळे, दोन्ही बिघडतात.

खेळवा जरूर. दोरीला पीस बांधून पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. पण नुसतं खेळवून वजन उतरेल या भरवशावर राहू नका.

काटा हलत नाही तेव्हा

आधी काटा तपासा. आपण वजनकाट्यावर चढायचं, मग बोक्याला घेऊन चढायचं, यात शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते. आम्ही प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा वापरतो. पिंजरा आधी रिकामा लटकवायचा, मग बोक्यासकट. दर पंधरा दिवसांनी, सकाळी खाण्याआधी. पोटाखाली लोंबणाऱ्या कातडीवर जाऊ नका, ती धडधाकट मांजरांनाही असते. बरगड्या चाचपा: आपल्या हाताच्या पाठीवरची हाडं लागतात तशा लागल्या, तर ठीक.

दोन-तीन आठवडे वजन जागचं हललं नाही, तर खाणं कापण्याआधी गळती शोधा. आमची गळती शेजारच्या फ्लॅटमध्ये सापडली. बाल्कनीतून तिकडे जाऊन लोण्या त्यांच्या मांजरीचा वाडगा चाटून पुसून येत होता. गळती नसेल, तर पाच ते दहा टक्के कमी करा, त्याहून जास्त नाही.

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे आमच्या बोक्याचे ३० ते ६० ग्रॅम, एवढा वेग पुरे. सहाव्या महिन्यात एकाच आठवड्यात दीडशे ग्रॅम उतरलं, तेव्हा आम्ही खूश झालो. मग सासूबाईंना दिसलं की डबीतले दाणे संध्याकाळी तसेच उरतायत. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. मागची दाढ किडली नव्हती, पण हिरडीपाशी पोखरली होती आणि चावताना दुखत होतं. दाढ काढली आणि चार दिवसांनी पहाटे चारला लोण्या माझ्या छातीवर येऊन बसला.