जुन्या बिटकॉइन कोअरमधून प्रायव्हेट की कशी काढायची

रामबागेतल्या माझ्या मामेभावाला जुन्या पीसीत 2014 सालचं बिटकॉइन कोअरचं (बिटकॉइनचं मूळ सॉफ्टवेअर) वॉलेट सापडलं आणि तो हार्ड डिस्क घेऊन थेट जेल रोडला कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे निघाला होता, त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. असं नका करू प्लीज. वॉलेटला पासवर्ड नसेल तर फाइल ज्याच्या हातात त्याचे पैसे, सरळ हिशोब आहे.

आधी वॉलेट डॉट डॅट नावाची फाइल शोधा. विंडोजमध्ये ॲपडेटा, मग रोमिंग, मग बिटकॉइन, आणि ॲपडेटा हिडन असतं म्हणून हिडन फाइल्स दिसतील असं करून घ्या. दोन पेनड्राइव्हवर कॉपी करा, पुढचं सगळं कॉपीवरच, ओरिजिनलला हात लावायचा नाही.

आता व्हर्जन. 2025 मध्ये आलेल्या 30 पासून जुनं वॉलेट सरळ उघडत नाही आणि आपल्याला हवी ती कमांडही काढून टाकलीये, म्हणून 29 घ्या, ऑफिशियल साइटवरूनच. इन्स्टॉल झालं की कॉपी त्याच्या डेटा फोल्डरमध्ये टाका, वायफाय बंद करा आणि मग उघडा. शेकडो जीबीची ब्लॉकचेन (सगळ्या व्यवहारांची नोंदवही) उतरवायची गरज नाही. प्रायव्हेट की, म्हणजे कॉइन खर्च करायची गुप्त किल्ली, त्या फाइलमध्येच असते, सिंक शून्यावर असला तरी निघते.

विंडो मेनूत कन्सोल आहे, म्हणजे कमांड टाइप करायची जागा. कमांडचं नाव इंग्लिश स्मॉल लेटर्समध्ये सलग टाइप करायचं. पासवर्ड असेल तर आधी वॉलेटपासफ्रेज, स्पेस, डबल कोट्समध्ये पासवर्ड, स्पेस, 120. खाली नल आलं की समजा उघडलं, 120 सेकंद उघडं राहील. मग डंपप्रिव्हकी आणि पुढे तुमचा ॲड्रेस, एंटर. के किंवा एल ने सुरू होणारी 52 अक्षरं येतील, फार जुनी असेल तर 5 ने सुरू होणारी 51.

पण इथे थांबू नका, बरेच जण इथेच फसतात. तुम्ही कधी 1 कॉइनमधून 0.2 कुणाला पाठवले असतील तर उरलेले (फी वजा जाऊन) बहुतेक करून त्याच ॲड्रेसवर परत येत नाहीत, वॉलेट स्वतःच एक चेंज ॲड्रेस बनवून तिथे टाकतं आणि तो रिसीव्हच्या यादीत दिसतच नाही, मग एक की काढून लोक म्हणतात पैसे गेले. म्हणून डंपवॉलेट आणि पुढे पेनड्राइव्हवरच्या नव्या फाइलचा पूर्ण पाथ द्या, सगळ्या कीज टेक्स्टमध्ये येतात आणि चेंजवाल्या ओळीत चेंज इक्वल टू 1 असं लिहिलेलं असतं. ही फाइल पासवर्डशिवाय उघडी असते हां, डेस्कटॉपवर ठेवायची नाही, फोटो काढून व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. काम झालं की वॉलेटलॉक.

2022 च्या 23 व्हर्जनपासून पुढे बनवलेलं वॉलेट असेल तर डंपप्रिव्हकी एरर देईल, तिथे लिस्टडिस्क्रिप्टर्स, स्पेस, ट्रू चालवा.

की मिळाली की इलेक्ट्रम या दुसऱ्या वॉलेट ॲपमध्ये नवीन वॉलेट बनवून त्यात स्वीप करा, म्हणजे कॉइन नव्या ॲड्रेसवर पाठवा, नुसती की इम्पोर्ट नको. आणि कॉइन 1 ऑगस्ट 2017 च्या आधीपासून पडून असतील तर त्याच कीवर बिटकॉइन कॅशही (तेव्हा बिटकॉइनमधून फुटून निघालेलं वेगळं कॉइन) आहे, पण आधी बिटकॉइन हलवा, कन्फर्म होऊ द्या, मगच ती की दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये टाका.