उतारा कशावर काढायचा? अ‍ॅस्पिरिनच्या प्रॅक्टिकलचा हिशेब

जळगाव-धुळ्याकडे 'उतारा' म्हटलं की जिनिंग आठवतं: क्विंटलभर कापसातून रुई किती निघाली. बीएस्सीची मुलं प्रयोगशाळेतही तोच हिशेब लावतात. 2 ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घेतलं, 2.05 ग्रॅम अ‍ॅस्पिरिन मिळालं. भागाकार केला की उतारा 102.5 टक्के! इथे भागायचं ते घातलेल्या मालाने नाही, जास्तीत जास्त जेवढा माल बनू शकला असता त्याने.

तो आकडा मोलमधून येतो; मोल म्हणजे ग्रॅम भागिले रेणुभार. सॅलिसिलिक आम्लाचं रेणुभार 138, म्हणून 2 ग्रॅम म्हणजे 0.0145 मोल. त्याच्याशी अभिक्रिया करायला घातलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड 5 मिली, घनता 1.08, वजन 5.4 ग्रॅम, भागिले 102, म्हणजे 0.053 मोल. समीकरणात दोघांचं प्रमाण एकास एक, तेव्हा आधी संपणार सॅलिसिलिक आम्ल. तेच लिमिटिंग रिएजंट. अ‍ॅस्पिरिनचा रेणुभार 180, तेव्हा जास्तीत जास्त माल 0.0145 गुणिले 180 म्हणजे 2.61 ग्रॅम. आता 2.05 भागिले 2.61: उतारा 78.5 टक्के. सल्फ्युरिक आम्लाचे थेंब उत्प्रेरक आहेत, ते हिशेबात धरायचे नाहीत.

ज्याचे ग्रॅम कमी तेच आधी संपतं, असं मात्र समजू नका. 10 ग्रॅम हायड्रोजन आणि 64 ग्रॅम ऑक्सिजन घ्या. हायड्रोजन 5 मोल, ऑक्सिजन 2 मोल. 2 मोल ऑक्सिजनला 4 मोल हायड्रोजन पुरतो. पाणी बनतं 72 ग्रॅम, आणि उरतो 2 ग्रॅम हायड्रोजन.

अ‍ॅनहायड्राइड इतकं जास्त का घेतात, तेही बघा. फ्लास्क धुऊन तसाच ओला वापरला आणि तळाला 1 मिली पाणी राहिलं, तर ते 0.055 मोल झालं. सगळं अ‍ॅनहायड्राइड खायला तेवढं पुरे.

माल जातो तो बहुतेक धुताना. 25 अंशाला 100 मिली पाण्यात सुमारे 0.3 ग्रॅम अ‍ॅस्पिरिन विरघळतं, म्हणजे 2.61 मधले 11 टक्के थेट बेसिनमध्ये. एप्रिलमध्ये आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी 25 अंशाचं कुठलं असायला! बर्फाचंच पाणी घ्या, तेही थोडं थोडं.

उलट उतारा शंभराच्या वर गेला तर खूश होऊ नका, माल ओला आहे. सुकवा, वजन करा, पुन्हा सुकवा. दोन वजनं जुळेपर्यंत. वजन जुळल्यावरही चिमूटभर माल घेऊन त्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. जांभळा रंग आला तर न बदललेलं सॅलिसिलिक आम्ल आत आहे. मग आधी पुन्हा स्फटिकीकरण, जर्नलमधला आकडा नंतर.