बहावा नक्की कधी फुलला? एका झाडाची नोंद कशी ठेवायची

'यंदा बहावा लवकर फुलला' असं दर एप्रिलला कोणीतरी म्हणतंच, पण लवकर म्हणजे किती दिवस आणि कुठल्या वर्षापेक्षा असं विचारलं की तारीख कोणाकडेच नसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावात ती होती, कारण तिथल्या हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाने १८५२ ते १८५८ अशी वर्षं कुठलं फूल कधी उमललं ते लिहून ठेवलेलं. बोस्टन युनिव्हर्सिटीचे जीवशास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गावात पुन्हा फिरून नोंदी घेतल्या आणि ताडून पाहिलं, तर फुलं सरासरी ७ दिवस आधी यायला लागलीयेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या हाताने लिहिलेल्या तारखा होत्या म्हणून हे कळलं, आपल्याकडे बहाव्याच्या, पळसाच्या, मोहाच्या अशा तारखा हव्यात असं मला फार मनापासून वाटतं.

तर सुरुवात अशी करा. रोज जाता-येता दिसेल असं एकच झाड घ्या, लांबच्या टेकडीवरचं सुंदर झाड नको, दोन महिन्यांनी जाणं बंद होतं. जमलं तर त्याच जातीचं दुसरं झाडही घ्या म्हणजे एकाचा लहरीपणा लक्षात येतो. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर टेपने मोजा, जागा लिहा, आणि झाडाला बागेचं पाणी मिळतं का तेही लिहा, पाणी मिळणारं आणि कोरड्या माळावरचं झाड सारखं वागत नाही.

मग आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पाच मिनिटं. पानं: कोवळी, जून, पिकलेली. फुलं: कळ्या, उमललेली. फळं: कच्ची, पिकलेली. प्रत्येकापुढे फक्त 'नाही', 'थोडी' किंवा 'खूप', झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर थोडी, जास्त तर खूप. सीझनवॉच नावाचा भारतातला प्रकल्प साधारण याच पद्धतीने लोकांकडून झाडांच्या नोंदी गोळा करतो, तिथे आपलं झाड नोंदवता येतं आणि नोंदी संशोधकांच्या कामी येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: काहीच नसेल त्या आठवड्यातही 'नाही' लिहायचं. मी पहिल्या वर्षी फुलं दिसल्यावरच वही उघडली, १९ एप्रिलला 'फुलला' लिहिलं, पण त्याच्या आधी झाड नीट बघितलेलं तीन आठवड्यांपूर्वी, म्हणजे पहिलं फूल त्या तीन आठवड्यांत कधीतरी आलं एवढंच कळतं, ते वर्ष माझ्या कामाचं राहिलं नाही. याचं अजून वाईट वाटतं.

बहाव्यात एक घोळ होतो, काळ्या लांब शेंगा गेल्या वर्षीच्या असतात आणि नव्या फुलांसोबतही लटकत असतात, त्यामुळे त्या दिसल्या की यंदा फळ धरलं असं लिहू नका, यंदाच्या शेंगा हिरव्या असतात. फांद्या छाटल्या, वादळात मोडल्या तरी लिहा. फोटो एकाच जागेवरून काढा.

तारीख इंग्रजी कॅलेंडरचीच लिहा. चैत्र-वैशाख कितीही जवळचे असले तरी अधिक महिन्यामुळे तिथी पुढेमागे होतात आणि दोन वर्षांची तुलना गंडते.

बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो असं म्हणतात ना, ते तपासायचं तर शेजारच्या रकान्यात पहिल्या चांगल्या पावसाची तारीखही टाका. आणि घरात आजोबांची शेताची जुनी वही असेल, आंब्याला मोहोर कधी आला, मोह कधी गळायला लागला असं लिहिलेली, तर ती रद्दीत देऊ नका, पानांचे फोटो काढून ठेवा, त्यात गावाचं नाव आणि साल आहे का ते आधी बघा.