फोन बाजूला ठेवूनही काम सरकत नाही? या चुका टाळा

आठवड्याचा स्क्रीन टाइम बघून आपण एकतर हळहळतो, नाहीतर स्वतःवर खूश होतो. दोन्ही घाईचं आहे. सलग दोन तास ई-पुस्तक वाचलं तरी ते दोन तासच धरले जातात. उलट दिवसभरात १०० वेळा दहा-दहा सेकंद फोन उघडला, तर बेरीज जेमतेम १७ मिनिटं भरते. कामाचं मातेरं होतं ते मात्र या १७ मिनिटांनी.

तास मोजता, पण तुकडे मोजत नाही

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडलं की फोन किती वेळा अनलॉक झाला आणि कोणत्या अ‍ॅपने किती नोटिफिकेशन्स पाठवली ते कळतं. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये फोन किती वेळा उचलला हे दिसतं आणि उचलल्यावर आधी कोणतं अ‍ॅप उघडलं तेही. माझ्या मते तिथल्या सगळ्या आलेखांत खरी उपयोगाची माहिती ही शेवटचीच. जे अ‍ॅप यादीत वर, इलाज तिथून सुरू करायचा. बाकीच्यांना आत्ता हात लावू नका.

‘नुसतं बघून घेतो, उत्तर नंतर देतो’

ही सगळ्यात महागडी सवय. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसरं हाती घेतलं की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. मेल उघडून वाचला आणि तसाच ठेवला, म्हणजे आपण स्वतःहून एक अर्धवट काम डोक्यात घेऊन परत आलो. ‘अनरीड’ खूण पुन्हा लावल्याने इनबॉक्स फसतो, डोकं फसत नाही. उत्तर द्यायला वेळ नसेल तर मेल उघडूच नये.

मध्येच उठावंच लागलं तर? कुठवर आलो आणि पुढची पायरी कोणती, हे एका ओळीत लिहून मगच उठा. लरॉय यांच्याच नंतरच्या अभ्यासात अशी छोटी नोंद करणाऱ्यांना मधल्या कामावर अधिक नीट लक्ष देता आलं.

इथे कुणी म्हणेल, ‘व्यत्यय आले तरी माझं काम वेळेत होतं.’ होत असेलही. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर उरकलं होतं. पण त्यांचा ताण आणि चिडचिड वाढलेली होती. संध्याकाळी काही न करताच दमल्यासारखं वाटत असेल, तर कारण बहुधा इथे सापडेल.

व्हायब्रेटवर ठेवून निश्चिंत राहणं

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या २०१५ च्या अभ्यासात नोटिफिकेशन आल्यावर फोनला हातही न लावणाऱ्यांकडून लक्ष लागणाऱ्या कामात जास्त चुका झाल्या. म्हणजे नुसती चाहूल पुरते. टेबलावर घरघरणारा फोन वाजणाऱ्या फोनपेक्षा फारसा सोज्वळ नाही. फोन नजरेसमोर असला तरी डोकं मंदावतं, असाही निष्कर्ष २०१७ मध्ये आला होता. पण नंतरच्या प्रयोगांत तो प्रत्येक वेळी दिसला नाही. त्यामुळे फोन कपाटात कोंडाच, असा माझा आग्रह नाही.

एका झटक्यात सगळं बंद करणं

उत्साहाच्या भरात सगळी नोटिफिकेशन्स बंद होतात आणि मग ‘काही आलं तर नसेल?’ म्हणून आपणच फोन उचलत राहतो. २०१९ च्या एका अभ्यासात दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकगठ्ठा नोटिफिकेशन्स मिळणाऱ्यांना बरं वाटलं. अजिबात न मिळणाऱ्यांची मात्र बेचैनी वाढली. आयफोनवर २०२१ पासून, म्हणजे आयओएस १५ पासून, असा ठरावीक वेळेचा गठ्ठा लावता येतो. अँड्रॉइडवर कमी महत्त्वाची अ‍ॅप्स एकेक करून ‘सायलेंट’ करा. ती यादीत दिसतात, पण हाक मारत नाहीत.

तातडीचा फोन चुकेल ही भीती असेल, तर ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये जवळच्या माणसांना सूट द्या. पुन्हा लगेच फोन करणाऱ्याचा कॉल वाजू देण्याची सोयही आत असते: आयफोनवर तीन मिनिटांत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत त्याच व्यक्तीचा दुसरा कॉल आला तर तो वाजतो.

सगळं केलं, तरी टिंग टिंग चालूच?

मग फोन सोडा आणि लॅपटॉप बघा. एकाच खात्याचा मेल फोन, लॅपटॉप आणि घड्याळ असा तिन्हीकडे वाजत असतो, चॅटची एक खिडकी ब्राउझरमध्ये उघडी असते आणि कधीतरी घाईत ‘अलाउ’ दाबलेल्या साइट्स कोपऱ्यातून डोकावत असतात. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथली यादी बघून बरेच जण चकित होतात.

फोल्डर लावत बसणं आणि दर महिन्याला नवं टू-डू अ‍ॅप आजमावणं, हेही कामच केल्यासारखं वाटतं. २०११ मध्ये आयबीएमच्या संशोधकांना आढळलं की जुना मेल फोल्डरांमधून हुडकण्यापेक्षा सर्चने लवकर सापडतो. यावर याहून जास्त वेळ घालवू नये.

ग्राहकसेवेसारखं ज्यांचं कामच तत्काळ उत्तर देण्याचं आहे, त्यांना वरचं निम्मं लागू नाही. बाकीच्यांनी सहकाऱ्यांशी एकदा स्पष्ट ठरवावं: तातडीचं असेल तर थेट कॉल, बाकी सगळं मेल किंवा चॅटवर, उत्तर सवडीने. ठरवताना वरिष्ठांना सोबत घ्या. कारण त्यांनी चॅटवर ‘बघितलंस का?’ असं विचारलं की गठ्ठ्याची वेळ कुणीच पाळत नाही.