अख्ख्या ज्वारीचं सॅलड, वरून करडईचे मायक्रोग्रीन्स

सॅलडसाठी क्विनोआ-बिनोआ ऑनलाइन मागवायलेत लोक, आणि घरात ज्वारीचं पोतं पडलेलं. तीच घ्या की. रब्बीची टपोरी पांढरी ज्वारी पाहिजे, मालदांडी असली तर भारीच, नाहीतर परभणी विद्यापीठाची परभणी मोती. खरिपाची हायब्रीड पण शिजते पण तिला ती गोडी नाही.

मायक्रोग्रीन्स म्हणजे बी उगवून दोन पानांवरच कापलेली कोवळी रोपं, त्यांची तयारी मात्र आठ-दहा दिवस आधी करा. करडई, मेथी, मोहरी, तिन्ही जमतात. आपण करडईची कोवळी भाजी खातोच, हे म्हणजे तिचंच लेकरू, काटे यायच्या लई आधीच कापायचं. करडई आणि मेथी रात्रभर भिजवा, मोहरी भिजवू नका, चिकट गोळा होतो. मिठाईच्या प्लास्टिक डब्याला खाली भोकं पाडा, दोन बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, बी दाट पसरा, पाणी शिंपडून दोन-तीन दिवस झाकून ठेवा आणि कोंब वर आले की खिडकीत उजेडाला. नंतर पाणी वरून ओतायचं नाही, डबा ताटलीतल्या पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, खालून ओढून घेतं. दोन पानं नीट उघडली की मुळं सोडून कात्रीनं कापा. एप्रिल-मे मध्ये पारा 42 च्या वर गेला की डबे एक तर वाळतात नाहीतर कुजतात, तेव्हा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा किंवा सरळ सोडून द्या. आणि बी खायचंच घ्या, पेरणीच्या पाकिटातलं नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

आता एक गोष्ट नीट ऐका. ज्वारीचे मायक्रोग्रीन्स करायचे नाहीत, मोड आणून कच्ची पण खायची नाही. कोवळे पोंगे खाऊन जनावर दगावतं हे आपल्याकडं कुणालाही विचारा, त्या कोवळ्या ज्वारीतून सायनाइड तयार होतं म्हणून तसं होतं. पक्क्या वाळल्या दाण्याला ही भानगड नाही, बिनधास्त खा.

तर एक वाटी ज्वारी निवडून धुऊन रात्रभर भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून द्या, नवीन तीन वाट्या पाणी आणि मीठ घालून कुकरला लावा, शिट्टी झाली की गॅस बारीक करून 20-25 मिनिटं. दाणा दाताखाली मऊ पण अख्खा लागला पाहिजे, भातासारखा गाळ नको. कडक लागली तर अजून दहा मिनिटं, जुनी ज्वारी वेळ खाते. चाळणीत निथळून ताटात पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या, गरम दाण्यावर पानं टाकली की मिनिटात मान टाकतात. निथळलेलं पाणी वरणात घाला.

त्यात वाळूक किंवा काकडी, कांदा, टोमॅटो, सगळं बारीक चिरून. डाळिंबाचे दाणे असले तर टाका, जालन्याकडचे असाल तर मोसंबीच्या फोडी साल-बिया काढून, आंबट-गोड मस्त लागतं. वरून दोन चमचे घाण्याचं करडई तेल, एका लिंबाचा रस, मीठ, भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट आणि जवसाची चटणी एक चमचा. मेयोनीज कशाला पाहिजे मग. हे सगळं कालवून दहा मिनिटं मुरू द्या, चव बघून लिंबू वाढवा, ज्वारी बरंच आंबट पिऊन घेते. मायक्रोग्रीन्स दोन मुठी, धुऊन पाणी झटकून, अगदी ताटात वाढताना वर. मेथीचे थोडे कडू लागतात म्हणून ते कमी घ्या.

एवढ्यात तीन-चार जणांचं होतं. हुरड्याच्या दिवसांत तर शिजवायची पण गरज नाही, आगटीत भाजलेला गूळभेंडी ज्वारीचा हुरडा घ्या, बाकी सगळं तसंच. डब्याला न्यायचं असेल तर पानं आणि लिंबू वेगळ्या डबीत द्या, आणि नुसती शिजवलेली ज्वारी फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस राहते, बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात दुपारपर्यंतच आंबते.