अमेरिकेतला पूर्वज जुन्या जमिनीच्या कागदांतून कसा शोधायचा

माझे वडील तलाठी होते, त्यामुळे फेरफार, वारसनोंद, पोटहिस्सा, चतुःसीमा हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकतेय. मुलगी लग्न करून नेब्रास्कात गेली, जावई तिथलाच, जर्मन मुळाचा. नातवाला शाळेत वंशावळीचा प्रोजेक्ट आला तेव्हा आमच्या बाजूची सात पिढ्यांची नावं मी बसल्या बसल्या सांगितली, पण जावयाच्या बाजूची गाडी खापरपणजोबांपाशीच अडली. ते १८७० च्या आसपास जर्मनीतून आले एवढं माहीत, आणि खापरपणजीचं तर फक्त पहिलं नाव. तिचं माहेर कुठलं, आडनाव काय, घरात कुणालाच ठाऊक नाही. मला ते फार लागलं. दोन उन्हाळे मुलीकडे राहून मी त्याच कामात घातले आणि शेवटी ते आडनाव सापडलं, तेही चर्चच्या वहीत नाही तर जमिनीच्या एका हक्कसोडपत्रात. ज्यांची नातवंडं अर्धी तिकडची आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नावाच्या मागे जास्त धावू नका. तिकडे जुन्या काळी श्मिटचा स्मिथ व्हायचा, एकाच काउंटीत एकाच नावाची तीन माणसं असायची, कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. जमिनीचा तुकडा मात्र आहे तिथेच असतो, त्याचा नंबर तोच राहतो. त्याला धरून चाललं की माणसं आपोआप भेटत जातात.

पायरी १: काउंटी आणि साल ठरवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, बायबलच्या मागच्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेत का बघा, आणि मग जनगणना काढा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर ती फुकट बघता येते, फक्त खातं उघडावं लागतं. दर दहा वर्षांनी जनगणना झालीय, पण १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, घरातल्या प्रत्येकाचं (गुलाम माणसं सोडून) नाव १८५० पासून, आणि प्रमुखाशी नातं काय ते १८८० पासून. १८५०, १८६० आणि १८७० च्या जनगणनेत स्थावर मालमत्तेची किंमत लिहायचा रकाना आहे, तिथे आकडा दिसला तर समजा जमीन होती आणि कागद सापडणार. १८९० ची जनगणना जवळजवळ सगळी गेली, १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली त्यात. म्हणजे १८८० ते १९०० या वीस वर्षांत कुटुंब कुठे होतं हे सांगायला बरेचदा जमिनीचेच कागद उरतात. नेब्रास्कात मात्र १८८५ ची एक वेगळी जनगणना आहे, ती विसरू नका.

पायरी २: तेव्हाची काउंटी कुठली होती? काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी धरा, एकट्या नेब्रास्कात ९३ आहेत. या काउंट्या फुटत गेल्या. आपल्याकडे २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला ना, तसं. आणि जुनं दफ्तर बहुतेक वेळा मूळ काउंटीकडेच राहिलं. कुटुंब जागचं हललं नाही तरी कागद दोन कचेऱ्यांत सापडतात ते यामुळे. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने कुठल्या साली कुठल्या काउंटीची हद्द कुठवर होती याचे नकाशे करून ठेवलेत, तेही फुकट. आधी तिथे जा, मी नंतर गेले आणि महिनाभर चुकीच्या काउंटीची पानं चाळत बसले.

पायरी ३: जमीन कुणाकडून मिळाली. इथे अमेरिकेचे दोन भाग पडतात. मूळ १३ राज्यं आणि शिवाय केंटकी, टेनेसी, व्हर्मॉन्ट, मेन, वेस्ट व्हर्जिनिया, टेक्सस, हवाई इथली सरकारी जमीन त्या त्या राज्याने (त्याआधी वसाहतीने, राजाने) वाटली, म्हणून पहिले कागद राज्याच्या दफ्तरात शोधायचे. त्यात मूळ पूर्वेकडच्या राज्यांची वर्णनं अगदी आपल्या चतुःसीमेसारखी, अमुक ओकच्या झाडापासून ओढ्याच्या काठाने अमुकच्या कुंपणापर्यंत. झाड गेलं, ओढा वळला, तरी शेजाऱ्यांची नावं कागदात राहिली, आणि आपल्याला तीच हवी असतात.

बाकीच्या ३० राज्यांत जमीन केंद्र सरकारने मोजून वाटली आणि तिथे काम फार सोपं आहे. १७८५ च्या कायद्याने चौकोनी मोजणी सुरू झाली. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक मैल बाय एक मैल म्हणजे ६४० एकर, त्याचा पाव भाग १६० एकर. सेक्शनचे नंबर ईशान्य कोपऱ्यापासून सुरू होतात आणि बैल नांगरताना बांधाला वळतो तसे एका ओळीत पश्चिमेकडे, दुसऱ्या ओळीत पूर्वेकडे जातात, ३६ नंबर आग्नेयेला संपतो. कागदावर असं दिसेल: नॉर्थईस्ट क्वार्टर, सेक्शन १४, टाउनशिप ४ नॉर्थ, रेंज ५ ईस्ट, सिक्स्थ प्रिन्सिपल मेरिडियन. प्रिन्सिपल मेरिडियन म्हणजे मोजणीची मुख्य उत्तर-दक्षिण रेषा, रेंज म्हणजे तिच्यापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला टाउनशिपची कितवी रांग, आणि टाउनशिपचा नंबर म्हणजे आधाररेषेपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला कितवी. हे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचं, की मोठ्यातून लहानात येत जातं. हाच तुमचा गट नंबर, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. (मला एक फार आवडलेली गोष्ट सांगते. त्यांची मोजणीची साखळी ६६ फुटांची, आणि आपला गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे बरोबर अर्धी साखळी. १६० एकर म्हणजे ६४०० गुंठे. वडील असते तर त्यांना हे ऐकून किती बरं वाटलं असतं.)

पायरी ४: पेटंट काढा. पेटंट म्हणजे सरकारने पहिल्यांदा माणसाच्या नावाने जमीन केली तो दाखला. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स या साइटवर राज्य, काउंटी आणि आडनाव टाकलं की यादी येते, मूळ कागदाचा फोटोही फुकट दिसतो. तिथे कुठल्या कायद्याखाली जमीन मिळाली ते नीट बघा. २० मे १८६२ असं असेल तर तो लिंकनने सही केलेला होमस्टेड कायदा, १६० एकरपर्यंत जमीन जवळपास फुकट, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून घर बांधून जमीन कसायची. २४ एप्रिल १८२० असेल तर रोख विक्री, पण लगेच ते श्रीमंत होते असं समजू नका, होमस्टेड घेऊन पाच वर्षं न थांबता एकराला सव्वा डॉलर भरून मोकळे झालेले लोकही रोख विक्रीतच दिसतात. आणि पेटंटची तारीख म्हणजे येण्याची तारीख नव्हे. पाच वर्षं राहायचं, मग पुरावा द्यायचा, मग वॉशिंग्टनहून कागद यायचा, त्यामुळे पेटंट १८७९ चं असेल तर माणूस १८७२-७३ च्या सुमारास तिथे आला असं धरून चाला.

आता याच साइटवर नाव काढून टाका आणि फक्त सेक्शन-टाउनशिपचा नंबर टाका. आजूबाजूच्या सगळ्या तुकड्यांचे पहिले मालक समोर येतात. ती सगळी नावं उतरवून घ्या, आळस करू नका, कारण लोक एकेकटे यायचे नाहीत, भाऊ, मेहुणे, सासरे, एकाच गावचे लोक शेजारी शेजारी जमीन धरायचे. आमचं सगळं कोडं या यादीत होतं, मला ते उशिरा कळलं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेटंटवर पहिला मालक म्हणून सरकारचं नाव असतं, पण जमीन सरकारची त्याआधी काही वर्षांपूर्वीच झालेली असते. नेब्रास्कात तिथल्या मूळ रहिवासी ओटो-मिसुरिया आणि ओमाहा लोकांकडून १८५४ च्या तहांनी, पॉनी लोकांकडून १८५७ च्या तहाने जमीन घेतली गेली. वंशावळीच्या वहीत मी तहाचं साल सगळ्यात वर लिहिलंय आणि नातवाला ते का लिहिलं तेही सांगितलंय. शिवाय फुकट जमीन सगळ्यांसाठी नव्हती, नागरिक असावं लागे किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवावा लागे. भारतीयांना १९२३ च्या भगतसिंग थिंड खटल्यानंतर नागरिकत्वच नाही, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांना स्वतःच्या नावाने जमीन धरता येईना आणि ती दुसऱ्यांच्या नावावर ठेवावी लागली, ते थेट १९४६ च्या कायद्यापर्यंत. तुम्ही अशा घराण्याचा शोध घेत असाल तर कागदावरचं नाव आणि कसणारा माणूस वेगळे असतील हे लक्षात ठेवा.

पायरी ५: होमस्टेडची फाइल मागवा. पेटंट एक पानाचं, पण त्यामागे जाडजूड फाइल असते आणि खरी माणसं तिच्यात आहेत. पेटंटवरचा नंबर, लँड ऑफिसचं नाव आणि जमिनीचं वर्णन देऊन वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडून फी भरून तिची नक्कल मिळते. नेब्रास्काच्या फायली स्कॅन होऊन फोल्डथ्री आणि ॲन्सेस्ट्री या साइट्सवर आल्यात, तिकडच्या बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांत ॲन्सेस्ट्री फुकट वापरता येतं. आमच्या फाइलमध्ये घर किती फूट लांब-रुंद, विहीर किती खोल, किती एकर नांगरली, मुलं किती, सगळं होतं. परदेशातून आलेल्यांच्या फाइलमध्ये नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही असते. आणि दोन साक्षीदारांची साक्ष असते, की हो, हा माणूस इथे राहिलाय आणि जमीन कसलीय. आमच्या दोघांपैकी एकजण मला ओळखीचा वाटला, वही काढली, तर उत्तरेकडच्या तुकड्याचा मालक. अर्ज करून मध्येच सोडून गेलेल्यांच्याही फायली आहेत बरं का, त्यामुळे पेटंट नाही म्हणजे काहीच नाही असं नसतं.

पायरी ६: काउंटीच्या इंडेक्सची पुस्तकं. पेटंटनंतरचे सगळे व्यवहार काउंटीत. नेब्रास्कात त्या कचेरीला रजिस्टर ऑफ डीड्स म्हणतात, ओहायोत काउंटी रेकॉर्डर, व्हर्जिनियात कोर्टाच्या क्लार्ककडे, आणि कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, व्हर्मॉन्ट इथे काउंटी नाही तर टाउनच्या कचेरीत. इंडेक्स दोन, ग्रँटर आणि ग्रँटी. आपल्या खरेदीखतात लिहून देणार आणि लिहून घेणार असतात ना, तेच ते. आधी ग्रँटीत बघा जमीन आली कशी, मग ग्रँटरमध्ये गेली कशी. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. आलेली जमीन विकलेली दिसत नसेल तर ती वारसाने गेली, किंवा गहाणात किंवा कर थकून गेली, आणि या प्रत्येकाचे कागद आहेत. मरणानंतर वीस वर्षांपर्यंतचा इंडेक्स बघा, लोक खत आणून नोंदवायला फार उशीर करायचे. काही ठिकाणी जमिनीच्या नंबराने लावलेलं पुस्तकही असतं, नेब्रास्कात न्यूमेरिकल इंडेक्स म्हणतात, ते मिळालं तर अर्धं काम झालं. फॅमिलीसर्चवर आता हाताने लिहिलेल्या जुन्या खतांच्या आतल्या मजकुरात शब्द शोधायची सोय आलीय. इंडेक्समध्ये साक्षीदार आणि शेजारी येत नाहीत, ते या शोधात सापडतात, पण आडनाव तीन-चार स्पेलिंगनी टाकून बघा.

पायरी ७: खत पूर्ण वाचा. पुस्तकातलं खत म्हणजे कारकुनाने उतरवलेली नक्कल, मूळ कागद मालकाकडे जायचा, म्हणून पूर्वजाची सही सापडली म्हणून हरखून जाऊ नका, ती कारकुनाच्या हातची. अक्षर येत नसेल तर नावाच्या मध्ये फुली, आपल्याकडे निशाणी अंगठा तसं. किंमत एक डॉलर आणि प्रेमापोटी असं लिहिलं असेल तर ते आपलं बक्षीसपत्र समजा, बहुतेक बाप-लेक किंवा सासरा-जावई. क्विटक्लेम म्हणजे हक्कसोडपत्र, मॉर्गेज म्हणजे गहाणखत. आणि बायकांची नावं बघा, नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा एक तृतीयांश हक्क धरलेला असायचा, त्यामुळे विकताना तिची संमती लागे. दक्षिणेकडच्या खतांत तर तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारलं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. जिचं नाव दुसरीकडे कुठेच नाही ती इथे भेटते. दक्षिणेच्याच पुस्तकांत गुलाम माणसांची विक्रीही जमिनीसारखी नोंदलेली आहे. वाचवत नाही, पण ती नावं कुणीतरी आजही शोधतंय, दिसली तर उतरवून ठेवा.

आमचं कोडं सुटलं ते असं. उत्तरेकडचा तो साक्षीदार १८९० च्या दशकात वारला. त्याच्या नावावर विक्रीचं खत नाही, म्हणून मी जमिनीच्या नंबराने पुढे गेले, तर पाच वारसांनी मिळून एकाला लिहून दिलेलं हक्कसोडपत्र निघालं. तीन मुलगे आणि दोन मुली, मुली नवऱ्यांसकट. त्यातली धाकटी मुलगी आमच्या खापरपणजीच्या नावाची, आणि शेजारी नवरा म्हणून खापरपणजोबा. म्हणजे साक्षीदार सासराच होता, बांधाला बांध लागून. आडनावाने शोधलं असतं तर ही बाई जन्मात सापडली नसती. मी ते पान मुलीला दाखवलं आणि दोघी रडलो.

पायरी ८: प्रोबेट, म्हणजे मेलेल्या माणसाच्या मालमत्तेचा कोर्टातला निवाडा. वारसा दिसला की काउंटी कोर्टातली प्रोबेटची फाइल काढा. मृत्युपत्र नसलं तरी फाइल असू शकते, मालमत्तेची यादी, वारसांचे पत्ते, लहान मुलांचे पालक कोण नेमले ते सगळं. कोर्ट जळालं असं कुणी सांगितलं तरी एवढ्यावर परत फिरू नका, आगीनंतर लोकांनी घरातली मूळ खतं आणून पुन्हा नोंदवलेली असतात.

सगळं हाती आलं की एकदा तिथे जाऊन या. सेक्शनच्या हद्दीवरूनच रस्ते गेलेत, दर मैलाला एक, त्यामुळे नंबर माहीत असला की शेत सापडतं. पण आधी आजच्या मालकाला पत्र लिहून परवानगी घ्या, आणि पत्रात ॲब्स्ट्रॅक्ट आहे का ते विचारा. पेटंटपासून आजपर्यंतच्या सगळ्या व्यवहारांचं ते बाड असतं, तिकडच्या जुन्या शेतकरी घरांत कपाटात पडलेलं असतं. आमचे मालक एक वयस्कर आजोबा होते, त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवलं, पहिलं पान उघडलं आणि नातवाला म्हणाले तूच वाच. तो ते लांबलचक जर्मन नाव अडखळत वाचत होता आणि बाहेर मका वाऱ्यावर हलत होता, फाइलमध्ये लिहिलेली विहीर अजून तिथेच आहे.