कुटुंब नियोजनाच्या संवादकार्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

भारताने १९५२ मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि पुढच्या पिढ्यांनी लाल त्रिकोण व ‘हम दो, हमारे दो’ पाहत-ऐकतच संसार केले. त्यामुळे एकही गर्भनिरोधक साधन ठाऊक नाही असे जोडपे तुम्हाला क्वचितच भेटेल. भेटेल ती ऐकीव माहिती, तिच्यातून आलेली धास्ती आणि ती कोणापुढे बोलून दाखवावी हा संकोच. माझ्या अनुभवात आपले काम तिथे सुरू होते. भित्तिपत्रके आणि घोषवाक्ये हा त्यातला सोपा भाग आहे.

‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनाचेच पाहा. २०१७ पासून सरकारी आरोग्य सेवेत मोफत मिळणारे आणि दर तीन महिन्यांनी घ्यावे लागणारे हे इंजेक्शन सुरू केल्यावर पाळी अनियमित होते, मध्येच डाग दिसतात आणि पुढे अनेकींची पाळी काही काळ बंदही होते. त्यात सहसा धोका नसतो. पण ‘रक्त पोटात साठून राहते’ ही समजूत जिथे पक्की आहे, तिथे आधी न सांगितलेला हा बदल बाईला घाबरवून सोडतो. ती दुसऱ्या डोसला येत नाहीच, शिवाय वस्तीवरच्या चारजणींनाही सावध करते. म्हणून हा बदल आधीच सांगावा, आणि मग ‘पाळी आली नाही तर तुम्ही काय समजाल?’ असे विचारून तिचे उत्तर शांतपणे ऐकावे. नुसते ‘कळले का?’ विचारले तर उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जावे लागतात, हेही लवकरच मूल हवे असलेल्या नवविवाहितेला सांगितलेच पाहिजे. ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते, हे तोंडी सांगून लक्षात राहत नाही, तेव्हा वार तिच्याकडूनच ठरवून घेऊन पाकिटावर लिहून द्यावेत.

घरभेटीत सासूबाई शेजारी बसल्या असतील, तर साधनाचा विषय काढण्याची घाई करू नये. अनुभवी आशाताई अशा वेळी बाळाचे वजन आणि लसीकरण यांवरच बोलतात आणि उरलेले बोलणे अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवसासाठी राखून ठेवतात. सुरुवातीचे काही महिने त्यांच्यासोबत फिरावे आणि स्वतः शक्य तितके कमी बोलावे.

पुरुषांशी संवाद हा या कार्यक्रमाचा सर्वांत दुबळा भाग आहे, आणि त्याची मला मनापासून खंत वाटते. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले. १९७५–७७ मधील आणीबाणीतल्या सक्तीने उडालेला विश्वास हे त्यामागचे एक कारण आहे. ‘ऑपरेशननंतर कष्टाची कामे होत नाहीत’ ही भीती दुसरे. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी व सुरक्षित असते. मात्र त्यानंतर तीन महिने निरोध वापरणे आणि मग वीर्यतपासणी करून घेणे आवश्यक आहे, हे पती-पत्नी दोघांनाही सांगावे. कारण या काळात दिवस राहिले, तर संशय पत्नीवर घेतला जातो.

अभ्यासाची बैठक हवी असेल, तर मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. समाजकार्य किंवा जनसंवादाच्या पदवीनंतरही या कामात येता येते. कोणत्याही वाटेने आलात तरी आपल्या जिल्ह्याचे सर्वेक्षणातील आकडे आधी वाचून घ्या.

साधनवार उद्दिष्टे ठरवून देण्याची पद्धत केंद्र सरकारने १९९६ मध्ये बंद केली, तरी आढावा बैठकीत ‘किती केसेस झाल्या?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. त्या वेळी संख्येसोबत आणखी तीन नोंदी मांडाव्यात : किती जणींनी साधन पुढे चालू ठेवले, किती जणींनी ते बदलून मागितले आणि सारे समजून घेतल्यावर किती जणींनी नको म्हटले.